छपराखालच्या माळ्याची अग्निसुरक्षा: कोणते काम आधी, कोणते नंतर

गोव्यात पर्वरी, ताळगाव, फोंडा, मडगाव, कुठेही जा. पावसात स्लॅब गळू नये म्हणून वर कौलांचे किंवा पत्र्याचे उतरते छप्पर चढवलेल्या सोसायट्या दिसतात. स्लॅब आणि छप्पर यांच्या मधली जागा, म्हणजे माळा, कागदावर कुणा एकाची नसते, त्यामुळे तिथे सगळ्यांचे सामान साठते. अग्निसुरक्षेचा विषय निघाला की समिती आधी काय करते? आग विझवण्याचे दोन लाल सिलिंडर आणून माळ्याच्या दाराच्या आत टांगते. ते काम सर्वांत शेवटचे. जळण्यासारखे सामान, जुन्या वायरी आणि स्लॅबमधली उघडी भोके तशीच राहिली तर त्या सिलिंडरचा उपयोग फोटोपुरताच. खालचा क्रम म्हणूनच पाळा. उलटसुलट केलात तर एकच काम दोनदा करावे लागेल.

## सुरुवातीला: कागद, माणसे आणि हंगाम

मंजूर नकाशाची प्रत काढा. त्यात छप्पर दाखवले आहे का, आणि दाखवले असेल तर केवळ आच्छादन म्हणून की वापराची जागा म्हणून, हे पाहा. आच्छादन म्हणून मंजूर असलेल्या जागेत वॉचमनची खोली, सोसायटीचे ऑफिस किंवा वरच्या फ्लॅटवाल्याची ‘एक्स्ट्रा रूम’ चालत असेल, तर आधी तो वापर बंद करावा लागेल. लोक राहत किंवा झोपत असलेल्या माळ्याला या लेखातले उपाय पुरेसे नाहीत.

इमारतीची उंची आर्किटेक्टकडून मोजून घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागानुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ‘हाय-राइज’ धरली जाते आणि तिच्या अटी कडक होतात. उतरत्या छपराच्या बाबतीत संहितेतली उंची शिखरापर्यंत मोजत नाहीत. बाहेरची भिंत छपराला जिथे मिळते तिथपर्यंत मोजतात. समित्यांचा हिशेब इथेच चुकतो, कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या.

इमारतीला अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाचा ना हरकत दाखला मिळालेला असेल, तर त्यावरच्या अटी शब्दन् शब्द वाचा. दाखला सापडत नसेल तर जवळच्या अग्निशमन केंद्रात किंवा पणजीत सांतिनेजच्या मुख्यालयात चौकशी करा. इंटरनेटवरून उतरवलेला ‘फॉर्म बी’ भरून फाइलला लावण्याची चूक बऱ्याच जणांकडून होते. तो महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याखालचा नमुना आहे, गोव्यात तो लागू नाही.

माणसे तीन लागतील: परवानाधारक वीज कंत्राटदार, स्ट्रक्चरल इंजिनिअर (भिंत बांधायची असेल तर) आणि अग्निरोधक सीलंटने भोके बुजवण्याचे काम केलेला ठेकेदार. सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन ठेवा, नाहीतर सामान हलवताना पहिल्याच दिवशी ‘कुणाला विचारून?’ सुरू होईल. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस दुपारी काम करू शकत नाही आणि जूनमध्ये सील सुकत नाहीत.

## १. माळा रिकामा करणे

आधी मोबाइलवर सगळ्या जागेचे फोटो काढा. मग प्रत्येक ढिगाला खडूने क्रमांक घाला. बोर्डावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवसांची मुदत द्या.

मुदत सामान्य सामानाला. पुढच्या चार वस्तू त्याच दिवशी खाली आणा: गॅसचे सिलिंडर (रिकामेसुद्धा), पेट्रोल-डिझेलचे कॅन, थिनर व ऑइलपेंटचे डबे, आणि फटाके. दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी आणलेले फटाके आणि उरलेले गवत वर्षभर माळ्यावर पडून असते, हे तर जवळजवळ ठरलेलेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. माळ्यावर गळला तर तो छपरातून निघून जात नाही. स्लॅबवर पसरतो आणि पाइपांच्या भोकांतून खाली उतरतो.

> सावधान: गॅसचा वास आला तर विजेचा दिवा लावू नका, लावलेला असेल तर विझवूही नका. स्विचच्या ठिणगीने पेट घेतो. सगळ्यांना खाली पाठवा आणि बाहेर मोकळ्या जागेवर जाऊन १९०६ वर कळवा.

मग बाकीचे. चतुर्थीचे थर्मोकोलचे मखर, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीच्या) पट्ट्या, नाताळच्या गोठ्याचे गवत, आकाशकंदील, गाद्या, नारळाची सोडणे, एसीचे खोके. माटोळी आणि मखर टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. तळमजल्यावर, जिना आणि मीटरपासून दूर, बंद कपाटात ठेवा. जुन्या पाण्याच्या टाक्यांकडे लक्ष द्या. भरलेली प्लास्टिकची टाकी पेट घेत नाही. पण नवी बसवल्यावर कोपऱ्यात सरकवलेली रिकामी टाकी म्हणजे शेकडो लिटर आकाराचे प्लास्टिकचे इंधन. ती कापून खाली न्या.

राहू काय शकते? जादा कौले, फरशा, लोखंडी पाइप, सिमेंटचे ब्लॉक. तेही भिंतीलगत, आणि दारापासून टाकी व लिफ्टच्या मशीनरूमपर्यंत एक मीटर रुंद वाट मोकळी सोडून.

शेवटी पन्हळी आणि वळचण झाडून घ्या. आंब्या-फणसाचा सुका पाला, कावळ्यांच्या घरट्यांतल्या काटक्या, उंदरांनी गोळा केलेल्या चिंध्या ठिणगी पडताच पेटतात.

छपराला आतून उष्णता अडवण्यासाठी थर्मोकोल किंवा साधा फोम चिकटवला असेल तर तोही काढा. पेटलेला थर्मोकोल थेंबाथेंबाने खाली गळतो आणि आग एकाच वेळी दहा ठिकाणी लागते. हवाच असेल तर रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) लावा.

तपासा: दारात उभे राहून टॉर्च मारल्यावर समोरची भिंत आणि स्लॅबचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर माळा रिकामा झालेला नाही.

## २. वीज

आता कुठे वायरी दिसू लागतात. बघवत नाहीत. टाटा स्कायच्या काळातल्या तुटक्या केबली, कोणाच्या तरी इन्व्हर्टरची लाइन, इंटरनेटवाल्याचा स्विच आणि त्याला जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड.

क्रम असा ठेवा. प्रत्येक वायर कुठून आली आणि कुठे जाते ते शोधून चिठ्ठी बांधा. जिला धनी नाही ती दोन्ही टोकांकडून काढा. एका टोकाला कापून सोडलेली वायर कोणीतरी एक दिवस पुन्हा जोडतो. इंटरनेटची उपकरणे खाली जिन्याच्या लँडिंगवर पत्र्याच्या पेटीत आणा. माळ्यावर कोणतेही चार्जिंग नको. ई-स्कूटरच्या बॅटरीचे तर मुळीच नको.

जे राहील (दोन-चार दिवे, पंपाची लाइन, लिफ्ट) ते लोखंडी कंड्यूटमध्ये (वायरीच्या पाइपमध्ये) टाका. उंदीर पीव्हीसी पाइप कुरतडतात आणि आतली वायर उघडी पाडतात. दिव्यांसाठी १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच), प्लगसाठी २.५ चौरस मिमी आणि १६ अँपिअरचा एमसीबी. १.५ च्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी, ‘सारखा पडतो’ म्हणून बदललेला, हा नेहमीचा गुन्हा. एमसीबी वायरीला वाचवतो. तो वायरीपेक्षा मोठा असेल तर वायरच फ्यूजचे काम करते. माळ्याच्या सगळ्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि सगळे एकत्र बंद करणारा मेन स्विच माळ्याच्या दाराबाहेर, आत नव्हे.

मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासून घ्या. आकडा १ मेगाओमच्या खाली आला तर सर्किट चालू करू नये. एप्रिलमध्ये सुंदर येणारा आकडा जुलैमध्ये कोसळतो, म्हणून तीच चाचणी भर पावसात पुन्हा करा. कंत्राटदार टाळाटाळ करेल. दोन्ही चाचण्या ऑर्डरमध्येच लिहा.

सोलरचा प्रश्न वेगळा. खालचा मेन बंद केला तरी दिवसा पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतच्या (लाइन तोडणाऱ्या स्विचपर्यंतच्या) डीसी वायरीत विजेचा दाब असतोच. त्या वायरी माळ्यातून न नेता बाहेरून न्या. नाइलाज असेल तर सलग लोखंडी पाइपमधून, मध्ये जोड न देता, आणि दर दोन-तीन मीटरवर ‘सोलर डीसी, दिवसा चालू’ अशी पट्टी लावून.

तपासा: आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा. माळ्यावरचे सगळे दिवे-प्लग बंद झाले पाहिजेत. एखादा दिवा चालू राहिला तर तो कोणाच्या तरी फ्लॅटवरून जोडलेला आहे.

## ३. वेल्डिंग, ग्राइंडर आणि गॅसच्या टॉर्चचा नियम

पुढच्या टप्प्यांत कापणे-जोडणे येणारच, म्हणून हे आधी ठरवा. शिवाय एप्रिल-मेमध्ये ट्रसची (छपराच्या सांगाड्याची) दुरुस्ती आणि गॅसच्या टॉर्चने लावायच्या मेंब्रेनचे (डांबरी चादरीचे) वॉटरप्रूफिंग याच जागेत चालते. रिकाम्या माळ्याला आग लागण्याचे सर्वांत संभाव्य कारण हेच.

समितीच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय काम सुरू करू द्यायचे नाही. चिठ्ठीत एवढेच: तारीख, जागा, कामगाराचे नाव, पहारा कोण देणार, काम कधी संपले, पहारा कधी संपला.

कामाच्या जागेपासून सभोवती अकरा मीटरपर्यंत जळणारे काही नको. हलवता येत नसेल (कौलांखालचे लाकडी वासे आणि रिपा हलवता येणार नाहीत) तर अग्निरोधक ब्लँकेटने झाका. ओले गोणपाट तात्पुरते चालते असे म्हणतात, पण छपराखाली ते अर्ध्या तासात सुकते. ठिणगी जाईल असे प्रत्येक भोक झाका. वेल्डिंगचा कण शाफ्टमधून (पाइप-वायरींच्या उभ्या पोकळीतून) चार मजले खाली पडून तिथे धुमसू शकतो, आणि वरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सहा किलोचा एबीसी (पावडरचा) सिलिंडर आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी. पहारा देणारा माणूस वेगळा; वेल्डरचा हेल्पर नव्हे, कारण तो रॉड द्यायला आणि चहा आणायला जातो. काम संपल्यावर एक तास त्याने तिथेच थांबायचे. लाकडाच्या सांध्यात शिरलेली ठिणगी लगेच भडकत नाही, सगळे जेवायला गेल्यावर भडकते. त्यामुळे वेल्डिंग दुपारी तीनच्या आत बंद करण्याचा नियम ठेवा.

> सावधान: मेंब्रेनच्या टॉर्चचा गॅस सिलिंडर माळ्यात ठेवू नका. तो उघड्या गच्चीवर ठेवायचा आणि संध्याकाळी खाली न्यायचा.

## ४. स्लॅबमधली भोके बुजवणे

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. खालच्या आगीचा धूर शाफ्टमधून माळ्यात चढतो, छपराखाली पसरतो आणि दुसऱ्या जिन्यात उतरतो. दार कितीही भारी बसवा, शेजारी मुठीएवढे भोक असेल तर धूर तिथून जातो.

खडू घेऊन फिरा. प्रत्येक भोकाभोवती वर्तुळ काढा: विजेचा शाफ्ट, प्लंबिंगचा डक्ट, केबलवाल्याने ड्रिल केलेली भोके, जुन्या टाकीचे बंद पडलेले पाइप, लिफ्टच्या दोरांच्या फटी (या लिफ्ट कंपनीला विचारल्याशिवाय बुजवू नका). मग प्रकारानुसार:

लोखंडी पाइपाभोवतीची फट: सिमेंट-वाळूचा माल, पूर्ण जाडीभर. वरवरचा थर नको, तो पहिल्या उन्हाळ्यात सुटतो.

केबलींभोवती: रॉकवूल घट्ट दाबून भरा आणि वरून अग्निरोधक सीलंट. सीलंटची खोली डब्यावरच्या चाचणीपत्रात दिलेली असते. तेवढी भरल्याचे ठेकेदाराकडून फोटोसकट लिहून घ्या.

पीव्हीसी पाइपाभोवती: फायर कॉलर. आगीत पाइप वितळून जातो आणि त्याच्या जागी चार इंची उघडे भोक उरते; कॉलर फुगून ते भोक दाबून टाकतो. बाजूला नुसता सिमेंट भरला तर काही उपयोग नाही, कारण वाट पाइपाच्या आतूनच मोकळी होते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा फोम, पीओपी, चिंध्या, थर्मोकोल यांतले काहीही चालणार नाही. पिवळा फोम तर स्वतःच पेटतो. ‘फायर रेटेड’ लिहिलेला फोम मिळतो, पण तोसुद्धा चाचणीत जेवढ्या रुंदीच्या फटीला पास झाला तेवढ्यासाठीच.

आता पुढचा विचार. सहा महिन्यांनी नवा इंटरनेटवाला येईल आणि तुमच्या सीलमधूनच ड्रिल मारेल. तो येण्याआधीच ५० मिमीचे दोन लोखंडी पाइप स्लॅबमध्ये बसवून दोन्ही टोकांना झाकणे लावून ठेवा, वर ‘नवी केबल इथूनच’ असे रंगवा.

तपासा: दिवसा शाफ्टचे खालचे दार उघडे ठेवून वर दिवा न लावता बसा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे काम बाकी आहे.

## ५. दोन विंगांच्या मधली भिंत

ए आणि बी विंगवर एकच सलग छप्पर असेल तर एका विंगची आग दुसरीवर जाते, तीही वरच्या वर. मधोमध भिंत हवी: दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली १०० मिमी एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची किंवा साडेचार इंची विटांची. ती बीमवर यायला हवी. कुठे यायची ते इंजिनिअर सांगेल.

हमखास चूक: भिंत ट्रसच्या खालच्या दांड्यापर्यंत येऊन थांबते. वरचा त्रिकोण उघडाच. धूर आणि ज्वाळा तिथूनच जातात. भिंत कौलांच्या किंवा पत्र्याच्या पोटापर्यंत न्या आणि पन्हळीच्या आकारामुळे उरलेल्या फटी रॉकवूल व सीलंटने भरा. लाकडी रिपा भिंतीतून आरपार जाऊ देऊ नका.

## ६. दार आणि जिना

जिना थेट माळ्यात उघडत असेल तर त्याला चारी बाजूंनी भिंत घालून १२० मिनिटांचे प्रमाणित अग्निरोधक दार बसवा, आपोआप बंद होणाऱ्या डोअर क्लोझरसह. दारावर चाचणीची पट्टी खिळलेली असते. ती नसलेले ‘फायर डोअर’ म्हणजे लाल रंगाचे साधे दार. दाराखाली दगड किंवा विटेचा तुकडा अडकवून ते उघडे ठेवलेले दिसले की दंड करा. हे गंमतीत म्हणत नाही.

भिंत घातल्यावर जिन्याच्या डोक्याशी धूर कोंडतो. म्हणून बाहेरच्या भिंतीत किमान अर्धा चौरस मीटर कायम उघडी जाळी ठेवा. ती मोकळ्या हवेत उघडायला हवी, माळ्यात नाही. पावसाचे पाणी येते म्हणून पुढच्या जूनमध्ये कोणीतरी तिथे प्लास्टिक ठोकेल. तिरप्या पट्ट्यांची लूव्हर बसवली तर तो प्रसंग टळेल.

कुलपाचा वाद प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचे उत्तर पलीकडे काय आहे यावर अवलंबून. दारापलीकडे उघडी गच्ची असेल तर जिन्याच्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडले पाहिजे. पॅनिक बार (ढकलताच दार उघडणारा दांडा) लावा, चोरीची भीती असेल तर त्याला अलार्म जोडा. पलीकडे फक्त बंद माळा असेल तर ती सुटकेची जागाच नाही. तिथे कुलूप चालेल, पण किल्ली शेजारी काचेच्या पेटीत असावी, आतून दार नुसत्या हाताने उघडता यावे, आणि शेवटच्या लँडिंगवर मोठ्या अक्षरांत पाटी हवी: ‘वर सुटकेची वाट नाही. खाली जा.’ आपल्या इमारतीत कोणती व्यवस्था मान्य होईल ते अग्निशमन केंद्राकडून लेखी घ्या.

## ७. आता सिलिंडर आणि अलार्म

सिलिंडर माळ्याच्या आत टांगू नका. आग आत असताना तो आणायला आत जावे लागेल, आणि वर्षभर पत्र्याखालच्या उष्णतेने आतली पावडर गोळा होते, सील खराब होते. दाराबाहेर लँडिंगवर एक ६ किलोचा एबीसी, आयएसआय शिक्क्याचा. माळ्यातल्या कोणत्याही जागेपासून सिलिंडर १५ मीटर चालण्याच्या अंतरात हवा. लांब माळ्याला दुसरे दार असेल तर तिथे दुसरा. लिफ्टच्या मशीनरूमसाठी ४.५ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा. पावडर मारली तर आग विझते, पण कंट्रोल पॅनेलही जाते.

महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्टीत आहे का आणि सेफ्टी पिन जागेवर आहे का ते पाहा. आपल्या खाऱ्या हवेत गंज आधी बुडाच्या कडेला धरतो, म्हणून सिलिंडर उचलून खालून बघा. पावडरच्या सिलिंडरची हायड्रॉलिक चाचणी तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची पाच वर्षांनी.

डिटेक्टर निवडताना घाई नको. धुळीमुळे स्मोक डिटेक्टर माळ्यावर सारखा वाजतो आणि महिन्याभरात कोणीतरी त्याची वायर काढतो. हीट डिटेक्टर घ्या, पण साधा ५७ अंशांचा नको; एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालचे तापमान त्याच्या फार जवळ जाते. वरच्या वर्गातला, साधारण ७८ अंशांचा बसवा. स्प्रिंकलर असतील तर त्याच कारणाने लाल बल्बचा (६८ अंश) न घेता हिरव्या बल्बचा (९३ अंश) सुचवला जातो, निर्णय डिझायनरचा. अलार्मचा भोंगा माळ्यात नको, प्रत्येक मजल्यावर ऐकू जाईल असा जिन्यात.

टाकीला पाइप जोडून ‘फायर होज’ केल्याचे समाधान मानू नका. टाकी माळ्याच्याच पातळीवर असते, त्यामुळे तिथे दाब जवळजवळ शून्य. बूस्टर पंप नसेल तर तो पाइप झाडांना पाणी घालायला.

## ८. आग लागलीच तर

आधी १०१ किंवा ११२ वर फोन, मग माळ्याचा मेन बंद, मग सिलिंडर. दार गरम लागत असेल तर उघडूच नका. आग टेबलाएवढी असेल आणि पाठीमागे मोकळी वाट असेल तरच सिलिंडर वापरा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर या आणि दार ओढून घ्या. आत थांबून काही साधत नाही: ५५० अंशांच्या आसपास लोखंडी ट्रसची ताकद निम्म्यावर येते, जुने सिमेंटचे पत्रे तापून फुटतात आणि कौले डोक्यावर येतात. लिफ्ट कोणीही वापरायची नाही.

एक माणूस गेटवर पाठवा, कारण आतल्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्यांमुळे बंब अडकतो. फोनवर इमारतीचे नाव, जवळची खूण, मजले किती, आग छपराखाली आहे, वर सोलर आहे की नाही, आणि कोणी अडकले आहे का, एवढे सांगा; पलीकडून ठेवायला सांगेपर्यंत फोन ठेवू नका.